पुण्याहून मुंबईला नाटकं बघायला ग्रुप न्यायचाय? मग तिसऱ्या घंटेपासून उलटं मोजायला लागा

"अगं पण नाटकासाठी मुंबईला? बालगंधर्व काय ओस पडलंय का?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. प्रश्न चुकीचा नाहीये खरंतर. मराठी व्यावसायिक नाटक मुंबईत चाललं की थोड्या दिवसांत कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात नाहीतर चिंचवडला मोरे प्रेक्षागृहात येतंच, तेच कलाकार, तोच सेट, आणि घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. त्यासाठी बावीस माणसं बसमध्ये कोंबून घाट उतरायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. मुंबईला जायचं ते पुण्यात जे येत नाही त्यासाठी, किंवा येतं पण त्या जागेत बघायची मजाच वेगळी असते त्यासाठी. एवढं डोक्यात पक्कं असेल तर पुढचं वाचा, कारण मी आमच्या सोसायटीचा आणि आजूबाजूच्या मंडळींचा असा ग्रुप आता बऱ्याच वेळा नेलाय आणि जवळपास प्रत्येक चूक एकदा तरी करून झालीये.

आधी थिएटर ठरवा, मग नाटक

लोक उलटं करतात. आधी नाटक आवडतं, मग ते कुठे आहे बघतात, मग कळतं की एक बोरीवलीला आहे आणि दुसरं नरिमन पॉइंटला, आणि मग अख्खा दिवस बसच्या काचेतून मुंबई बघण्यात जातो. मी आधी जागा ठरवते.

जुहूचं पृथ्वी थिएटर माझ्या यादीत कायम पहिलं. जेमतेम दोनशे खुर्च्या, प्रेक्षक स्टेजच्या तिन्ही बाजूंना, नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो इतकं जवळ. बालगंधर्वला मागच्या रांगेत बसून अर्धी वर्षं घालवलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा तो इंटरव्हलपर्यंत बोलत नाही. शशी आणि जेनिफर कपूर यांनी हे उभं केलं, उघडलं ५ नोव्हेंबर १९७८ ला, आणि ५ नोव्हेंबर म्हणजे आपला मराठी रंगभूमी दिन, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक केलं तो दिवस. हा योगायोग बसमध्ये सांगितला की निवृत्त शिक्षक मंडळी एकदम खूश होतात, हमखास चालणारं वाक्य आहे, वापरा.

दुसरं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाला, एकाच आवारात पाच थिएटरं. टाटा थिएटर १९८० चं, हजाराच्या वर खुर्च्या, आणि ते बांधलंय अशा हिशोबाने की माईकशिवाय आवाज पोचावा. आमच्यातले एक काका कानाला मशीन लावतात, ते तिथे म्हणाले की आज मशीन काढून ठेवलं तरी चाललं असतं. जमशेद भाभा थिएटर मोठं आणि भव्य, पण खरं सांगायचं तर मला तिथलं एक्सपेरिमेंटल थिएटर जास्त आवडतं, तीनशेच्या आसपास माणसं बसतात, आणि नवं काही बघायला मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.

तिसरं बीकेसीतलं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, मार्च २०२३ ला उघडलेलं. मोठ्या थिएटरात दोन हजार माणसं बसतात आणि परदेशातले म्युझिकल तिकडेच येतात, अख्खा सेट हलतो, वाद्यवृंद, झुंबरं, सगळा थाट. तिकीट मात्र खिसा बघून घ्या. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ते झेपत नाही आणि ते तोंडाने बोलत नाहीत, नुसतं "बघू" म्हणतात, आणि हे "बघू" आयोजकाला ऐकू यायला पाहिजे. तिथेच अडीचशे खुर्च्यांचं स्टुडिओ थिएटर आणि सव्वाशेचं क्यूब आहे, तिकडचे शो बऱ्याचदा परवडतात.

आणि एक तरी प्रयोग दादरच्या शिवाजी मंदिरला ठेवायचा असा माझा हट्ट असतो. हो, मराठी नाटक पुण्यातही येतं हे मीच वर म्हणाले. पण समोर प्लाझा सिनेमा, खाली दुकानांची गर्दी, भाजीवाले, फुलवाले, त्यातून वाट काढत जिना चढून आत जायचं आणि इंटरव्हलला बटाटावडा घेऊन उभं राहायचं, हा अनुभव नाटकाइतकाच बघण्यासारखा आहे. मुंबईचा प्रेक्षक हसतो पण वेगळा. पटकन हसतो आणि पटकन गप्प होतो, त्याला ट्रेन पकडायची असते ना. आपल्याकडे लोक आधी शेजारच्याकडे बघतात, हसू का म्हणून.

दोन दिवसांत तीन नाटकं, त्याच्या वर नको. एकदा मी चार ठेवलेली, चौथ्याला अर्धा ग्रुप घोरत होता. आणि तीनपैकी एक हलकं, एक जड आणि एक असं की ज्यावर बसमध्ये भांडता येईल.

माणसं

"हो हो मी येतेच" याला नाव नोंदवणं म्हणत नाहीत. पैसे आले की नाव, हा एकच नियम ठेवा आणि सख्ख्या बहिणीलाही लावा. मी आधी माणशी दोन हजार घेते आणि स्पष्ट लिहिते की तिकीटं काढून झाल्यावर कोणी गळलं तर हे पैसे परत नाहीत, बदली माणूस आपापला शोधायचा. कडक वाटतं, पण हे लिहायला लागल्यापासून गळती जवळपास थांबली.

आकडा वीस-बावीस बरा. सतरा सीटरमध्ये बसतील इतके असतील तर फारच उत्तम, पंचवीसच्या वर गेलात की तुम्ही नाटक बघत नाही, नुसती डोकी मोजता.

पैसे घेताना चार गोष्टी विचारून ठेवा. गुडघे कसे आहेत, शुगर आहे का म्हणजे जेवणाच्या वेळा पाळायला लागतील का, हिंदी-इंग्रजी नाटक कळेल ना, आणि घोरता का. शेवटच्यावर सगळे हसतात पण रूम लावताना तोच प्रश्न उपयोगी पडतो. घोरणारे एकत्र, विषय संपला.

तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. हवा बरी असते, नवी नाटकं येतात, पृथ्वीचा फेस्टिवल पण नोव्हेंबरच्या सुमारास असतो. जुलै-ऑगस्टला मी जात नाही, दादर-सायनला पाणी भरलं की नाटकाचं तिकीट हातात आणि आपण बसमध्ये.

लाँग वीकेंड टाळा म्हणजे टाळाच. आपल्याला वाटतं आपण पुण्याहून खाली चाललोय, गर्दी तर समोरच्या बाजूला, लोणावळ्याला येणाऱ्या मुंबईकरांची. पण घाटात वर येणाऱ्या गाड्या तुंबल्या की पोलीस आपली बाजू थोडा थोडा वेळ थांबवतात आणि दोन्ही बाजूंनी गाड्या वर सोडतात. म्हणजे त्यांच्या ट्रिपसाठी आपण उभे. ६ डिसेंबरच्या आधीचे दोन दिवस आणि तो दिवस दादरला मुक्काम ठरवू नका, चैत्यभूमीला लाखो लोक येतात, रस्ते बदललेले असतात, लॉजमध्ये खोल्या मिळत नाहीत. जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार असेल तर दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद. आणि लोकलने फिरणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून ठेवा, कुठल्या लाइनला किती ते.

तिकीटं

बुकमायशोवर सगळं असतं पण बावीस सलग खुर्च्या तिथे एका फटक्यात मिळत नाहीत, शिवाय प्रत्येक तिकिटावर वरचा चार्ज, बावीसने गुणला की दुखतो. मराठी नाटकांसाठी तिकिटालय ॲप आहे, प्रशांत दामल्यांनी सुरू केलेलं, ते बघा. पण ग्रुपसाठी सगळ्यात खात्रीचा रस्ता जुनाच. पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत खाली व्यवस्थापकाचा फोन नंबर असतो, तो लावायचा, आणि सरळ सांगायचं, पुण्याहून वीस-बावीस जण येतोय, प्लॅन (म्हणजे खुर्च्यांचं बुकिंग) कधी उघडताय, एकत्र खुर्च्या द्याल का. ही माणसं फार मदत करतात असा माझा अनुभव आहे. पुण्याहून खास नाटकाला येतायत म्हटल्यावर त्यांनाच छान वाटतं. कधी थोडी सवलत मिळते, कधी नाही, पण रांग चांगली मिळते.

रांग म्हणाल तर पहिल्या दोन ओळी घेऊ नका, मान आखडते आणि नटांचे पायच दिसतात. पाचवीपासून दहावीपर्यंत उत्तम. गुडघेवाल्यांना कडेची खुर्ची, मधल्या वाटेला लागून, आणि बाल्कनी अजिबात नको, अंधारात पायऱ्या उतरताना एक काकू घसरल्या होत्या, नशीब फक्त खरचटलं. तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, वर गेलं की १८ टक्के, त्यामुळे हिशोब करताना ४९९ आणि ५५० मध्ये दिसतो त्याहून जास्त फरक असतो हे लक्षात असू द्या.

पृथ्वीला खुर्ची नंबर नसतात. जो आधी रांगेत तो पुढे. म्हणजे बावीस जण एकत्र बसायचे असतील तर रांगेत लवकर लागायला हवं, आणि "तुम्ही उभ्या राहा, आम्ही चहा घेऊन आलोच" असं करणाऱ्यांना मागच्या कोपऱ्यात बसायला लागतं, तक्रार करायची नाही.

जायचं कसं, आणि मुख्य म्हणजे निघायचं कधी

ट्रेन की बस यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. डेक्कन क्वीनवाला एक गट असतोच. १९३० पासूनची गाडी, सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते, साडेदहाच्या आत तुम्ही मुंबईत, वर ऑम्लेट-कटलेट खात. जायला याच्यासारखं सुख नाही. पण परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुटते, म्हणजे नाटक बघणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. चार-पाच जण असाल तर जाताना क्वीन आणि येताना दादरहून एसटीची शिवनेरी बस हे मस्त जमतं, एका दिवसात दुपारचा एक प्रयोग बघून रात्री घरी. बावीस जणांना, सामान, म्हातारी माणसं आणि तीन वेगवेगळी थिएटरं म्हटल्यावर बसला पर्याय नाही.

आता वेळ. हा सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग आहे, बाकी विसरलात तरी चालेल. निघायची वेळ सकाळकडून मोजायची नाही, तिसऱ्या घंटेकडून मोजायची, म्हणजे जी झाली की नाटक सुरू होतं तिच्याकडून. मी वहीत सगळ्यात खाली तिसरी घंटा लिहिते आणि एकेक ओळ वर चढत जाते.

समजा शनिवारी संध्याकाळी सहाला पृथ्वीला प्रयोग आहे. खुर्च्यांना नंबर नाहीत म्हणून सव्वापाचला रांगेत. बस पृथ्वीच्या, म्हणजे जानकी कुटीरच्या गल्लीत न्यायची नाही, अरुंद आहे, बाहेर मेन रोडलाच उतरायचं आणि चालत यायचं, म्हाताऱ्या माणसांच्या चालीने दहा मिनिटं. शिवाय बाथरूम. म्हणजे बसमधून उतरायची वेळ पावणेपाच. दादरच्या मुक्कामापासून जुहू, शनिवार दुपार, मॅप काहीही दाखवो मी दीड तास धरते. सव्वातीन. पण सव्वातीनला निघू म्हटलं की बस हलते साडेतीनला, म्हणून सगळ्यांना तीन सांगायचं. त्याआधी तासभर आडवं व्हायला पाहिजे, नाहीतर नाटकात झोप. म्हणजे जेवण दीडपर्यंत उरकलेलं, लॉजवर पोचायचं बाराला, वाटेत नाश्त्याला पाऊण तास आणि वाहतुकीला एक तास फुकटचा धरायचा, म्हणजे कोथरूडहून सहा वाजता बस सुटली पाहिजे आणि सगळ्यांना सांगायची वेळ पावणेसहा. संध्याकाळच्या नाटकाला पहाटे पाचला उठायचं म्हटल्यावर लोक वेड्यात काढतात. काढू द्या.

का ते सांगते. दुसऱ्याच ट्रिपला मी हुशारी केली आणि आठला निघालो. नेमका लाँग वीकेंड. घाटात मघाशी सांगितलं तसं पोलिसांनी थांबवलं, तिथे सव्वा तास गेला, मग भूक लागली म्हणून जेवायला थांबलो, ताटं यायला वेळ लागला, "आता लॉजवर नको, थेट थिएटरला जाऊ" असं ठरलं, आणि उपनगरातल्या एका छोट्या थिएटरच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन सहा मिनिटं झाली होती. दार बंद. दारावरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, मॅडम आता नाही. आणि त्याचं बरोबर होतं, पहिली एन्ट्री आत चालू होती. माझ्या हातात एकोणीस तिकीटांचा गठ्ठा. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो, कोणीच काही बोलेना, आणि आतून प्रेक्षक हसल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडून दोनशे माणसं हसतायत आणि आपण बाहेर. एका मावशींनी चिवड्याचा डबा उघडला आणि पहिला माझ्यासमोर धरला. मला रडूच आलं. पैशांचं सोडा, ते एकोणीस जणांचं समजूतदार गप्प बसणं फार जड होतं. त्या दिवसापासून मी तिसऱ्या घंटेवरून उलटं मोजते.

मोठ्या थिएटरात उशिरा आलात तर कधीकधी मधल्या एखाद्या प्रवेशाला सोडतात, पण त्यावर अवलंबून राहायचं नाही, आणि अंधारात बावीस जण "सॉरी सॉरी" करत बसलेल्यांच्या गुडघ्यांवरून जातायत हे दृश्य मी पुणेकर म्हणून सहन करू शकत नाही.

नरिमन पॉइंटला थेट जायचं असेल तर आता अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ पासून, शिवडीला उतरवतो, सायन-पनवेलचा गोंधळ वाचतो. टोल जास्त आहे, तो माणशी वाटला की जाणवत नाही. ग्रुप लहान असेल आणि मुक्काम दादरला, तर मेट्रो ३ ने दादरहून विधान भवन स्टेशनला या, तिथून एनसीपीए जवळ आहे, पार्किंगची कटकट नाही.

मुक्काम आणि खाणं

मुक्काम दादरलाच. जुहू आणि नरिमन पॉइंटच्या मधोमध पडतं, शिवाजी मंदिर चालत, आणि मराठी माणसाला दादरला उतरलं की हायसं वाटतं, कारण विचारू नका. लॉज साधे घेतले तरी चालतात, झोपायलाच तर जायचंय. मात्र लिफ्ट आहे का आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत हे फोनवर विचारा, आणि खोल्यांचा आकडा मेसेजवर लेखी घ्या. एकदा अकरा खोल्या सांगून गेल्यावर आठच दिल्या, "एक्स्ट्रा गादी टाकतो ना" म्हणाले. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. आता मी आदल्या दिवशी परत फोन करते.

खाण्याचं फार प्लॅनिंग करू नका, दादरला उपाशी मरायची सोय नाही. शिवाजी पार्कजवळ प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, आस्वादची मिसळ, आणि मिसळीवर पुणेकरांनी कोणतंही मत व्यक्त करू नये, निदान त्या टेबलवर तरी. सकाळी माटुंग्याला कॅफे मद्रास, पण रविवारी रांग असते, बावीस जण गेलात तर चार-चारच्या गटाने नाव द्या. एनसीपीएच्या प्रयोगानंतर मरीन ड्राइव्हवर चालत चर्चगेटच्या बाजूला या आणि के. रुस्तमचं दोन बिस्किटांमधलं आइसक्रीम खा.

प्रयोगाआधी पोटभर जेवण देऊ नका. हलकं काहीतरी, इडली, सँडविच. एसी, अंधार आणि पोटात पुरणपोळी असं जमलं तर जगातला कुठलाच नट त्या माणसाला जागं ठेवू शकत नाही.

ग्रुपला नुसतं नेऊ नका, थोडं सांगा

गाइडेड ट्रिप म्हणजे झेंडा घेऊन पुढे चालणं नाही. निघायच्या आदल्या रविवारी मी सगळ्यांना गच्चीवर बोलावते, अर्धा तास, चहा, आणि तिन्ही नाटकांबद्दल थोडंथोडं. गोष्ट सांगायची नाही. लेखक कोण, दिग्दर्शकाने आधी काय केलंय, नाटक कुठल्या भाषेतून आलंय, मध्यंतर आहे का नाही. हा शेवटचा मुद्दा फालतू वाटतो पण सगळ्यात महत्त्वाचा. आपलं मराठी दोन अंकी नाटक अडीच तासांचं, मधे दहा-पंधरा मिनिटं सुटका. हिंदी-इंग्रजी प्रायोगिक नाटक बऱ्याचदा सलग दीड तास, मध्यंतरच नाही, आणि हे ज्येष्ठांना आधी सांगितलं नाही तर पाऊण तासाने चुळबुळ सुरू होते.

बसमध्ये नाटकानंतर पहिली दहा मिनिटं मी कोणाला बोलू देत नाही. मग एकेकाला एकच प्रश्न विचारायचा, कुठली एक गोष्ट डोळ्यासमोर राहिली? "आवडलं का" असं विचारलं की "छान होतं" येतं आणि गप्पा तिथेच मरतात. एकदा एका पंच्याहत्तरीच्या आजींनी सांगितलं, ती बाई शेवटी खुर्चीची उशी सरळ करते ना, ती. आमच्यातल्या कोणालाच ती उशी दिसली नव्हती. पनवेल येईपर्यंत उशीवर चर्चा.

प्रयोग संपल्यावर कलाकारांना भेटायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मराठी नाटकाला ते सहज जमतं, पण व्यवस्थापकाला आधी सांगून ठेवा. पडदा पडल्या पडल्या बावीस जण विंगेत घुसायचं नाही. त्यांना मेकअप उतरवू द्या, पाणी पिऊ द्या, लागोपाठ पुढचा प्रयोग असेल तर जाऊच नका. आत गेल्यावर एकच ग्रुप फोटो. प्रत्येकाचा वेगळा सेल्फी काढायला लागलात की त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गोठत जातं ते मी पाहिलंय. आणि "तुम्ही सीरियलमध्ये जाड दिसता" हे वाक्य बोलायचं नाही. बोललं गेलंय म्हणून सांगतेय.

आत बसल्यावर

मोबाइल सायलेंट नाही, बंद. सायलेंटवरचा फोन पर्समध्ये थरथरतो तेव्हा तीन रांगांना ऐकू येतो. बसमधून उतरतानाच मी सगळ्यांकडून बंद करून घेते, शाळेतल्यासारखं, आणि कोणाला राग येत नाही, उलट एकमेकांचे तपासतात. प्लास्टिकच्या पिशव्या बसमध्येच ठेवा, शांत प्रसंगात त्यांचा आवाज फटाक्यासारखा येतो. शाल घ्या, एसी भयंकर असतात.

बायकांच्या बाथरूमची रांग हा वेगळा निबंधाचा विषय आहे. दहा मिनिटांचं मध्यंतर आणि आमच्या एकट्या ग्रुपच्या चौदा बायका. उपाय एकच, पहिल्या घंटेच्या आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, लागलं नसलं तरी. आणि मध्यंतरात वडा की बाथरूम, एक काहीतरी निवडायचं.

काही बिनसलं तर

प्रयोग रद्द होतो कधीकधी, कलाकार आजारी पडतो, माणसंच आहेत ती. त्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाला एक फोन करायचाच. रद्द झालाच तर दादरमध्ये त्या दिवशी दुसरं काही ना काही असतं, रविवारी तर सकाळ, दुपार, रात्र असे प्रयोग लागलेले असतात, म्हणून मी जाताना पेपरातलं नाटकाचं पान कापून पर्समध्ये ठेवते. जवळपास माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिर आणि प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आहेच. बावीस खुर्च्या एकत्र मिळणार नाहीत, विखरून बसा.

कोणी हरवलं तर शोधत फिरायचं नाही. नियम असा की जो चुकला त्याने त्या थिएटरच्या तिकीट खिडकीपाशी येऊन उभं राहायचं, बाकी कुठे जायचं नाही. मोबाइल बंद करायला आपणच लावलेले असतात, त्यामुळे "फोन करू" हा प्लॅन प्रयोगानंतर चालत नाही, निम्मे लोक परत चालू करायलाच विसरतात.

हिशोब

मागच्या वेळचा सांगते, अंदाज येईल. माणशी बस टोल आणि ड्रायव्हरच्या भत्त्यासकट ११००, तीन नाटकांची तिकीटं १९००, दोघांत एक खोली म्हणून १३००, दोन दिवसांचं खाणं-पिणं ८००, आणि पार्किंग, टिप, पाण्याचे बॉक्स मिळून १४०. झाले ५२४०. घेतले होते ५५००. नेहमी थोडे जास्त घ्या, मुंबईच्या फुटपाथवर उभं राहून बावीस जणांकडून पन्नास-पन्नास रुपये मागायची वेळ येऊ देऊ नका.

ड्रायव्हरचं तिकीट काढायचं का, असं मी दर वेळी विचारते आणि ते दर वेळी "नको ताई, मी झोपतो" म्हणतात. एकदाच एक जण आले आत, शिवाजी मंदिरला, आणि परतीच्या वाटेवर लोणावळ्यापर्यंत नाटकातले डायलॉग आम्हालाच म्हणून दाखवत होते. तेव्हा विचारा जरूर, फक्त आत येणार असतील तर रात्री झोप पुरेशी झालीये ना ते बघा.

सोमवारी रात्रीपर्यंत बिलांचे फोटो आणि हिशोब ग्रुपवर टाकून मोकळं व्हा, उशीर झाला की लोक विचारत नाहीत पण मनात ठेवतात. मागच्या वेळी प्रत्येकाला २४० रुपये परत गेले आणि वरचे वीस-वीस मिळून ४४० माझ्याकडे आहेत, पुढच्या गच्चीवरच्या चहाला. एक निळ्या झाकणाचा स्टीलचा डबा पण बसमध्ये राहिलाय, आत थोडा चिवडा आहे, ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा.